जुलाबाच्या व्हायरसचं जीनोम सिक्वेन्सिंग शिकवायचंय? पुण्यात आम्ही ट्रेनिंग कसं बसवलं ते सांगते

कोविडच्या काळात बऱ्याच मेडिकल कॉलेजांत आणि लॅबमध्ये सिक्वेन्सर, म्हणजे व्हायरसचा जीनोम अक्षर-अक्षर वाचणारी मशीन आली, त्यावर हात बसलेली पोरंपोरीही तयार झाली, आणि आता तीच मंडळी फोन करून विचारतात की मॅडम, ह्याच मशीनवर जुलाबाच्या व्हायरसवर लक्ष ठेवता येईल का. येतं की. पण कोविडचं शिकलेलं जसंच्या तसं इथं चालत नाही, आणि ते पहिल्याच तासाला सांगितलं नाही तर पुढचे पाच दिवस हातून जातात. मी पुण्यात अशी ट्रेनिंग घेते, तर आमचं जे बसलंय ते इथं लिहितेय, सोलापूर, नाशिक, नागपूर कुठंही कुणाला घ्यायचं असेल तर घ्या वापरायला.

आधी फरक समजून घ्या. कोविडला एकच व्हायरस, एकच सलग जीनोम, नाकाघशातला स्वॅब आणि जवळपास सगळीकडे तेच प्रायमर (हवा तो जीनोमचा तुकडा वाढवायला सुरुवात करून देणारे छोटे धागे). जुलाबात मुख्य पाच जण आहेत, रोटा, नोरो, सापो, ॲस्ट्रो आणि ॲडेनो ४०-४१, आणि प्रत्येकाची घडण वेगळी. रोटाचा जीनोम दुहेरी धाग्याचा आरएनए, तोही अकरा तुकड्यांत, सगळे मिळून साधारण साडेअठरा हजार बेस, म्हणजे जीनोमची अक्षरं. नोरो एकेरी धाग्याचा, साडेसात हजारांच्या आसपास. ॲडेनो तर डीएनएवालाच. आणि हे सगळं शोधायचं कशात, तर शीमध्ये, जिथं बॅक्टेरिया, पित्ताचे क्षार, अन्नाचे अवशेष, मुलाच्या स्वतःच्या पेशी असा सगळा काला असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की ट्रेनिंग मशीनपासून सुरू करू नका, शीच्या डबीपासून करा. पहिले दोन दिवस मशीनचं झाकणही उघडायचं नाही. लोक नाराज होतात, होऊ द्या.

आता हे सगळं कशासाठी, हेही पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर लोकांना वाटतं आपण नुसतं मशीन चालवायला शिकतोय. डब्ल्यूएचओच्या हिशोबानं जगात पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं दर वर्षी जुलाबानं जातात. आपल्याकडे २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं रोटाची लस आली, बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडातून देतात. त्यातली रोटासील आपल्या पुण्यातच सिरममध्ये बनते, जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९ अशा पाच प्रकारांची (जी आणि पी ही नावं व्हायरसच्या कवचावरच्या दोन प्रोटीनवरून पडतात). दुसरी रोटाव्हॅक, ती जी९पी[११] ह्या एकाच स्ट्रेनवरची. लस आल्यावर व्हायरस गप्प बसत नाही, प्रकार बदलत राहतात, आणि कुठला प्रकार वाढतोय हे शीच्या नमुन्यातला जीनोम वाचल्याशिवाय कळत नाही. नोरोला तर अजून बाजारात लसच नाही, तिथं साथ कुठून आली, दोन वस्त्यांमधला व्हायरस एकच आहे का, हेच बघायचं असतं. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव ह्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा शीच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा बॅक्टेरिया सापडला आणि काहींत नोरोव्हायरसही, हे पुण्यात सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा मला पुन्हा जाणवलं की असं काम करणारे हात जिल्ह्याजिल्ह्यात पाहिजेत. आपल्याकडे एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, १९५२ पासून पुण्यात व्हायरसवर काम चालू आहे, पण प्रत्येक डबी पुण्यातच यायची तर किती दिवस जाणार.

तयारीचं बोलू. बॅच दहा-बारा जणांची, जास्त नको, चार-चारचे गट आणि प्रत्येक गटाला एक शिकवणारा. निवड करताना एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो, एका लॅबमधून एकटा माणूस बोलवू नका, दोघं बोलवा, एक ओल्या कामाचा, म्हणजे नमुने आणि रसायनं हाताळणारा, आणि एक कॉम्प्युटरला बसणारा, कारण एकटा माणूस शिकून जातो, वर्षभरात नोकरी बदलतो आणि त्या लॅबला काहीच उरत नाही. पुण्याचं वेळापत्रकही डोक्यात ठेवा. गुरुवारी बऱ्याच भागात पाणी बंद असतं, मेंटेनन्सला लाईटही जाते, त्यामुळे सिक्वेन्सरचा लांबचा रन गुरुवारवर येऊ देऊ नका, आणि यूपीएस सिक्वेन्सरलाच नाही तर त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरलाही हवा, आमचा एक रन फक्त कॉम्प्युटर बंद पडल्यानं गेलाय. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस आणि अनंत चतुर्दशी टाळा, रस्ते बंद असतात आणि कुरियरवाला ड्राय आइस घेऊन कुठंतरी अडकून बसतो. फ्लो सेल (सिक्वेन्सरमध्ये बसवायची, नमुना वाचणारी चकती) फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला राहतात, डीप फ्रीजरमध्ये टाकले की संपले, आणि एन्झाइम मात्र उणे २० ला, हे डिलिव्हरी घेणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा, कारण पार्सल तोच उघडतो.

पहिला दिवस, डबी आणि फॉर्म. नमुना जुलाब सुरू झाल्यावर जितक्या लवकर मिळेल तितका चांगला, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, कारण तेव्हा व्हायरस भरपूर असतो. डायपरमधून घेताना शी डायपरच्या आत शोषली जाते, म्हणून डायपर उलटा करून घाला म्हणजे प्लास्टिकची बाजू आत येते, हे नर्सताईंना एकदा दाखवलं की पुढचे सगळे नमुने सुधारतात. पाठवताना तीन थरांचं पॅकिंग, आत घट्ट झाकणाची डबी, मग शोषून घेणारा कागद आणि दुसरी डबी, मग बाहेरचा खोका. फॉर्मवर वय, जुलाब कधी सुरू झाले, उलट्या होत्या का, राहण्याचा भाग, पाणी कुठलं पितात, आणि रोटाची कुठली लस कुठल्या तारखेला घेतली. ही शेवटची ओळ लोक रिकामी सोडतात. लस तोंडातून दिलेली जिवंत असते, घेतल्यावर काही दिवस बाळाच्या शीतून तीच बाहेर पडते, आणि तारीख माहीत नसेल तर लसीचाच व्हायरस रोगाचा म्हणून रिपोर्टमध्ये जाऊ शकतो. मी ट्रेनिंगमध्ये मुद्दाम अर्धवट भरलेले फॉर्म देते आणि विचारते की ह्यावरून काय सांगाल, काय सांगता येणार नाही. तासभर वाद होतो, होऊ द्यायचा. आईवडिलांची संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हे त्याच दिवशी, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना हातात घेऊन.

सुरक्षिततेचं एक पक्कं डोक्यात बसवा. कोविडमुळं सगळ्यांचा हात सॅनिटायझरकडे जातो, पण नोरोवर अल्कोहोल नीट चालत नाही आणि अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. साबण-पाणी, आणि टेबल पुसायला ताजं बनवलेलं ब्लीचचं द्रावण. ताजं म्हणजे त्याच दिवशीचं. उघडी शी फक्त सेफ्टी कॅबिनेटमध्ये, बीएसएल-२ ह्या जैवसुरक्षा पातळीचे सगळे नियम लावून.

दुसरा दिवस माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. शीचं पीबीएस ह्या मिठाच्या बफरमध्ये दहा टक्क्यांचं द्रावण करायचं, नीट हलवून सेंट्रीफ्यूज, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. एकत्र सगळं वाचायचं असेल, म्हणजे कुठला व्हायरस आहे ते माहीत नसताना, तर ते फिल्टर करून डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावायचं म्हणजे मोकळा पडलेला डीएनए जातो आणि व्हायरसच्या कवचातला जीनोम राहतो. मग एक्सट्रॅक्शन, म्हणजे त्यातून आरएनए-डीएनए वेगळा काढणं. इथं दोन गोष्टी किटच्या कागदावर कुणी ठळक करून सांगत नाही. एक, बऱ्याच किटमध्ये कॅरियर आरएनए (नमुन्यातला थोडा आरएनए वाया जाऊ नये म्हणून घातलेला जादा आरएनए) असतो, पीसीआरला तो चांगला, पण सगळं वाचायच्या पद्धतीत तोच वाचला जातो आणि निम्मे रीड्स (मशीननं वाचलेले तुकडे) त्यालाच जातात, म्हणून तिथं तो घालायचा नाही. दुसरी, शीतले पित्ताचे क्षार आणि साखरेचे लांब रेणू पीसीआर अडवतात. हे ओळखायला सोपी युक्ती आहे, आरएनए दहापट पातळ करून दोन्ही चालवा. दहापट पातळ केला की सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीला व्हायरस दिसला तो आकडा, कमी म्हणजे व्हायरस जास्त) साधारण ३.३ नं वाढायला हवा. वाढला नाही, किंवा उलट कमी झाला, तर अडथळा आहे, मग पातळ केलेलाच पुढे न्या किंवा पुन्हा एक्सट्रॅक्शन करा. हे प्रत्येकाकडून स्वतःच्या हातानं करून घ्या. बोर्डवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विसरतात, स्वतःच्या नमुन्याचा सीटी पातळ केल्यावर खाली आलेला बघितला की कधीच विसरत नाहीत.

आणि रोटाचं ते दुहेरी धाग्याचं. कोविडवाला माणूस आरएनए सरळ सीडीएनएच्या (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएच्या) मिक्समध्ये टाकतो आणि काहीच येत नाही, मग म्हणतो किट खराब आहे. दुहेरी धागा आधी उघडायला लागतो, ९५ डिग्रीच्या वर पाच मिनिटं, आणि लगेच बर्फात. लगेच म्हणजे लगेच, बर्फाची बादली तापवायच्या मशीनच्या शेजारी पाहिजे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको, कारण तिथपर्यंत चालत जाईपर्यंत धागे परत चिकटतात. आम्ही एका गटाला मुद्दाम एक ट्यूब बर्फात आणि एक ट्यूब टेबलावर ठेवायला लावतो आणि दोन्हीचे बँड, म्हणजे जेलवर दिसणाऱ्या डीएनएच्या पट्ट्या, दाखवतो.

सिक्वेन्सिंगला कुठले नमुने न्यायचे ते सीटीवरून ठरवा. पंचविसाच्या आत असेल तर निर्धास्त, तिसापर्यंत प्रयत्न करा, त्यापुढे पूर्ण जीनोमची आशा धरू नका, तिथं रोटाचे व्हीपी७ आणि व्हीपी४ (कवचावरच्या प्रोटीनचे तुकडे) किंवा नोरोचा पॉलिमरेज आणि कवच ह्यांच्या जोडावरचा तुकडा सँगरनं (एका वेळी एकच तुकडा वाचायची जुनी पद्धत) वाचला तरी कामाचं उत्तर मिळतं. सँगरला जुनं समजून वगळू नका. जिथं महिन्याला दहाच नमुने येतात तिथं तेच परवडतं.

तिसऱ्या दिवशी लायब्ररी, म्हणजे मशीनवर टाकायला तयार केलेले जीनोमचे तुकडे. पद्धत एकच शिकवा, सगळ्या दाखवायचा मोह टाळा. आम्ही प्रायमर लावून जीनोमचे तुकडे वाढवायचे आणि बारकोड (कुठला तुकडा कुठल्या नमुन्याचा ते सांगणारी खूण) लावून नॅनोपोरच्या सिक्वेन्सरवर टाकायचे हे शिकवतो, कारण त्यांचा मिनआयन छोटा आहे, स्वस्तात सुरू होतो आणि रीड्स काही मिनिटांत दिसायला लागतात, शिकणाऱ्याला त्यानं हुरूप येतो. ज्यांच्याकडे इल्युमिना ह्या दुसऱ्या कंपनीचा सिक्वेन्सर आहे त्यांचं वेगळं, रन एक-दोन दिवसांचा असतो तर तो आदल्या दिवशी लावून ठेवावा लागतो. बाकी शिस्त सारखीच. प्रायमर आणि मिक्स बनवायची जागा वेगळी, नमुना घालायची वेगळी, वाढवलेला डीएनए उघडायची वेगळी, आणि माणूस एकाच दिशेनं जाणार, परत मागे यायचं तर ॲप्रन-ग्लोव्ह्ज बदलून. प्रत्येक रनमध्ये पाण्याचा एक निगेटिव्ह कंट्रोल, तोही एक्सट्रॅक्शनपासून सोबत आलेला, शेवटी आणून घातलेला नव्हे. ह्यावर मी अजिबात सूट देत नाही. एका बॅचला पाण्याच्या ट्यूबमध्ये नोरोचे चांगले भरघोस रीड्स आले, आणि जे चार नमुने "एकच साथ" म्हणून सगळे खुशीत होते त्यातले दोन त्याच दूषित झालेल्या मिक्समधले निघाले. कंट्रोल नसता तर ते चार नमुने रिपोर्टमध्ये गेले असते आणि कुणाच्यातरी विहिरीवर टाळं पडलं असतं. त्या दिवशी सगळी बॅच गप्प होती, मीही.

फ्लो सेल भरताना हवेचा बुडबुडा. ह्याचा सराव नव्या फ्लो सेलवर करू नका, वापरून संपलेले फ्लो सेल टाकून न देता सांभाळून ठेवा आणि त्यावर रंगीत पाण्यानं प्रत्येकाकडून पाच-पाच वेळा भरून घ्या. लोड करायच्या आधी पोर (फ्लो सेलमधली धागा वाचणारी बारीक छिद्रं) किती जिवंत आहेत ते तपासायचं आणि वहीत लिहायचं.

चौथा दिवस आणि पाचव्याचा अर्धा दिवस कॉम्प्युटर. ह्याला लोक घाबरतात, खास करून मायक्रोबायोलॉजीवाले, आणि शिकवणारे त्यांना अजून घाबरवतात, एकदम वीस कमांड लिहून देतात. मी आधी कागदावर करून घेते. एक छोटा संदर्भ सिक्वेन्स (तुलनेसाठी घेतलेला, आधीच वाचलेला जीनोम), त्याखाली दहा रीड्स छापलेले, पेन्सिलनं जुळवा आणि प्रत्येक खान्यात कुठलं अक्षर ठरवाल ते लिहा. मग विचारते, इथं फक्त दोन रीड्स आहेत, काय लिहाल? बहुतेक जण संदर्भातलं अक्षर लिहितात. इथंच खरा धडा आहे. जिथं पुरेसे रीड्स नाहीत तिथं एन लिहायचं, एन म्हणजे माहीत नाही. संदर्भातलं अक्षर भरलं तर आपण न वाचलेली गोष्ट वाचली म्हणून सांगतो, आणि सगळे नमुने एकमेकांसारखे, संदर्भासारखे दिसायला लागतात. आम्ही वीस रीड्सची मर्यादा ठेवतो, तुम्ही तुमची ठरवा पण लिहून ठेवा. त्यानंतर कमांड सोप्या वाटतात, फास्टक्यूसीनं दर्जा बघा, मिनीमॅप२ नं जुळवा, सॅमटूल्सनं खोली, म्हणजे प्रत्येक जागी किती रीड्स आहेत ते काढा, आणि आयजीव्ही ह्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यानं बघा. डोळ्यानं बघणं वगळू नका. वाचनाच्या दर्जाचा आकडा क्यू२० म्हणजे शंभरात एक चूक आणि क्यू३० म्हणजे हजारात एक, हे पाठ असू द्या.

नाव ठरवताना रोटाचा नियम वेगळा. व्हीपी७ वरून जी, व्हीपी४ वरून पी, आणि पूर्ण जीनोम असेल तर अकराही तुकड्यांचा प्रकार लिहायचा. जी१पी[८] वाल्यांचे बाकीचे तुकडे बहुतेक १ नंबरचे असतात, जी२पी[४] वाल्यांचे २ नंबरचे. दोन व्हायरस एकाच बाळाच्या आतड्यात भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक तुकड्याचं झाड (कुठला व्हायरस कुणाच्या जवळचा ते दाखवणारा वंशवृक्ष) वेगळं काढायचं, अकराही जोडून एकच झाड काढलं तर ही अदलाबदल झाकली जाते. पण अदलाबदल सापडली म्हणून लगेच आनंदू नका, एकाच शीत दोन वेगळे रोटा असले तरी तसंच दिसतं. आयजीव्हीत एकाच जागी साठ-चाळीस अशी दोन अक्षरं दिसली तर ते मिश्र संसर्गाचं लक्षण, तिथं थांबा. नोरोला दोन नावं लागतात, एक पॉलिमरेजच्या (जीनोमची नक्कल करणारं एन्झाइम) भागावरून आणि एक कवचाच्या व्हीपी१ वरून, कारण त्यांची जोडाजवळ अदलाबदल होते, म्हणून नुसतं कवचाचं नाव लिहिलं तर अर्धीच ओळख लिहिली.

डेटाबेसमध्ये टाकायच्या आधी माणसाचे रीड्स काढून टाका. शीत मुलाच्या पेशींचा डीएनए असतो, तो त्या मुलाची ओळख आहे, तो जगासमोर मांडायचा आपल्याला हक्क नाही. ह्यासाठी अर्धा तास राखून ठेवा आणि प्रत्येकाकडून करून घ्या, शिकवणाऱ्यानं करून दाखवू नका.

पाचव्या दिवशी दुपारी प्रत्येक गटानं एक पानी रिपोर्ट लिहायचा, मराठीत, आणि तो महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या माणसाला द्यायचाय असं धरून. झाडाचं चित्र नाही, सीटी नाही. किती नमुने आले, किती वाचता आले, काय सापडलं, त्यातून काय म्हणता येतं, काय नाही, आणि पुढं काय करावं. "दोन वस्त्यांमधल्या नऊ नमुन्यांत नोरोचा एकच प्रकार सापडला, जीनोम जवळपास सारखे आहेत, उगम एकच असू शकतो, पाण्याची आणि घरोघरची चौकशी झाल्याशिवाय विहीर किंवा टाकी ठरवता येणार नाही", एवढं वाक्य नीट लिहिता आलं की ट्रेनिंग झालं असं मी धरते. मी स्वतः हे वाचून "म्हणजे उद्या सकाळी मी काय करू" असं विचारते, आणि उत्तर नसेल तर रिपोर्ट परत.

सहा आठवड्यांनी आम्ही प्रत्येक लॅबला पाच बिननावाचे नमुने पाठवतो, त्यात एक नुसतं पाणी, एक मिश्र, एक खूप पातळ. पाण्याच्या नमुन्यात "काही सापडलं नाही" असं लिहून आलं की शाबासकी द्यायला मी लगेच फोन करते. उरलेल्यांना पुढच्या बॅचला परत बोलावते, ह्या वेळी दुसऱ्या दिवसापासून, आणि येताना स्वतःच्याच लॅबमधल्या दोन डब्या घेऊन.